देवणी वळूचा क्लोन केळीच्या रोपासारखा का निघत नाही? जनुकं, गर्भाची घडण आणि क्लोनिंग

मांजरा_काठ
नमस्कार मंडळी. अर्धापूर, वसमत पट्ट्यात टिश्यू कल्चरची केळी आता सगळ्यांच्या ओळखीची झालीय. थोड्या मुनव्यांतून (केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांतून) हजारो रोपं निघतात, सगळी एका घडणीची. त्यामुळे माळेगावच्या यात्रेत एखादा उमदा देवणी किंवा लाल कंधारी वळू दिसला की लोक हमखास विचारायलेत : याचंही तसंच का करत नाहीत? कानाचा तुकडा घ्या, बाटलीत वाढवा, दहा वळू तयार! प्रश्न रास्त आहे. "खर्च परवडत नाही" हे त्याचं अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं गर्भ कसा घडतो यात दडलंय, असं मला वाटतं. जाणकारांनी मोकळेपणाने आणि सविस्तर लिहावं. पायऱ्या, प्रमाणं, कुठे बिघडतं आणि का, हे सगळं यावं.

तेरणा
केळीपासूनच सुरू करतो, कारण गैरसमज तिथेच आहे. टिश्यू कल्चरमध्ये आपण केळीच्या पानाची किंवा सालीची पेशी घेतच नाही. तलवारीच्या पानांचा मुनवा घेतो, तो सोलत सोलत आतला शेंडा गाठतो. या कोंबातल्या पेशी अजून "कोण व्हायचं" हे न ठरवलेल्या असतात. त्यांना फक्त वाढू द्यायचं असतं. मुराशिगे-स्कूग माध्यम (१९६२ सालचं, अजून तेच चालतं), लिटरला ३० ग्रॅम साखर, सामू ५.८ च्या आसपास, फुटवे यावेत म्हणून लिटरला २ ते ५ मिलिग्रॅम बीएपी. दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे वेगळे करून नव्या बाटलीत.

तरी इथेही शिस्त लागते. फुटवे काढण्याच्या फेऱ्या साधारण आठच्या पुढे नेल्या की बुटकी, पानं चिकटलेली, जातीबाहेरची रोपं वाढायला लागतात. म्हणजे झाडातसुद्धा कॉपी तंतोतंत राहत नाही.

गाईला असा कायम कोवळा राहिलेला शेंडा नसतो. कानाच्या कातडीतली पेशी केव्हाच ठरून गेलेली असते. तिला "विसर" म्हणायचं, हे खरं काम.

दुधना
तेरणा, "ठरून गेलेली" हा शब्द अगदी बरोबर. तो थोडा उलगडतो.

जनुकं म्हणजे घराचा नकाशा, ही उपमा शाळेपासून डोक्यात बसते आणि पुढे तीच अडचण करते. नकाशात घर आधीच काढलेलं असतं. जनुकांत गाय कुठेही काढलेली नाही. त्यापेक्षा जायकवाडीच्या कालव्याची पाळी डोळ्यांपुढे आणा. शेतं सगळीकडे आहेत, पाणी कुठे जाईल हे दारं ठरवतात. कोणतं दार, कधी, किती वेळ उघडलं यावर एका शिवारात ऊस उभा राहतो, दुसऱ्यात ज्वारी. कातडीच्या आणि काळजाच्या पेशीत जनुकं तीच, उघडी दारं वेगळी. जनुकाच्या जवळ, कधी फार लांबवर, डीएनएचे छोटे तुकडे असतात. तीच ही दारं. ती उघडणारी-लावणारी प्रथिनंही जनुकांपासूनच तयार होतात. एका दारातून पाणी गेलं की तिथून पुढच्या दाराचा माणूस तयार होतो. गर्भाची घडण म्हणजे ही साखळी.

फळमाशीत हे सगळ्यात स्वच्छ दिसलं. माशी अंडं घालण्याआधीच त्याच्या एका टोकाला बायकॉइड नावाच्या जनुकाचा निरोप ठेवते. त्याचं प्रथिन त्या टोकाला दाट आणि पुढे विरळ होत जातं. जिथे दाट तिथे डोकं, त्याच्या खालोखाल छाती. आईचं बायकॉइड बिघडलेलं असेल तर अळी डोकं आणि छातीविनाच घडते, पुढच्या टोकालाही शेपटाकडचे अवयव येतात. बघा, दोष आईच्या जनुकात आणि घडण बिघडली लेकराची.

त्याच्या पुढची पायरी मला फार सुंदर वाटते. इव्हन-स्किप्ड नावाचं जनुक गर्भावर सात पट्टे उमटवतं. त्यातल्या दुसऱ्या पट्ट्यासाठी स्वतंत्र दार आहे. बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं ते उघडतात, जायंट पुढून आणि क्रुपेल मागून ते लावतात. चौघांच्या ओढाताणीत जेवढी फट उरते, तेवढाच पट्टा उमटतो, काही पेशींच्या रुंदीचा! मग हॉक्स जनुकं कोणत्या खंडाला काय यावं ते ठरवतात. अँटेनापीडिया चुकीच्या जागी चालू झालं की माशीच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय येतात. लुईस, न्यूसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांना १९९५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

मन्याड
दुधना सरांनी माशीचं छान सांगितलं. गाईत मात्र बायकॉइडसारखी सोय नाही, तिथे पेशी आत आहे की बाहेर यावर पहिला निर्णय होतो. दिवसांच्या हिशेबाने मांडतो, कारण क्लोनिंगमध्ये याच मुदती आडव्या येतात.

फलन झाल्यावर सुरुवातीचे दोन-तीन दिवस गर्भ आईने अंडपेशीत भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो. त्याची स्वतःची जनुकं जोमाने चालू होतात ती गाईत ८ ते १६ पेशींच्या टप्प्यावर. उंदरात हे दोन पेशींवरच होतं, माणसात ४ ते ८ वर. पुढे बाहेरच्या पेशींत सीडीएक्स-२ हे जनुक जोर धरतं आणि त्यांची वार होते. आतल्या पेशींत ऑक्ट-४ आणि नॅनॉग ही जनुकं चालू राहतात आणि त्यांचं वासरू होतं. सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी झालेला गर्भ), म्हणून भ्रूण प्रत्यारोपणही माजानंतरच्या सातव्या दिवशीच करतात. मग गर्भ कवचातून बाहेर पडतो, लांबतो, आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास वारेच्या पेशी इंटरफेरॉन-टाऊ सोडून गर्भाशयाला "मी आहे" असं कळवतात. हा निरोप पोचला नाही तर पीतपिंड (अंडाशयावरची गाभण टिकवणारी गाठ) विरघळतो आणि गाय २१ दिवसांनी पुन्हा माजावर.

गोठ्यातला उपयोग सांगतो. बरोबर २१ दिवसांनी उलटणाऱ्या गाईत गर्भ धरलाच नाही किंवा सोळाव्या दिवसाआधीच गेला. २५-३५ दिवसांनी उलटली तर गर्भ निरोप देऊन नंतर मेला, असा पहिला संशय घ्यावा. म्हणून माजाची तारीख लिहून ठेवणं हीच निम्मी तपासणी आहे.

बिंदुसरा
एक शंका. देवणीत वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार. शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके कुठेही पडलेले असतात. अशा वळूचा क्लोन केला तर ठिपके जागच्या जागी येतील का? मालक ओळख पटवणार ती ठिपक्यांवरूनच ना.

कयाधू
बिंदुसराताई, नाही येणार. या एका प्रश्नात अख्खा विषय आलाय.

रंग भरणाऱ्या पेशी कातडीत जन्मत नाहीत. गर्भात पाठीच्या कण्याच्या जागी एक नळी मिटत असते, तिच्या कडेवरून त्या निघतात आणि कातडीखालून सरकत अंगभर पसरतात. वाटेत त्या वाढतात, काही मरतात, काही कुठवर पोचतच नाहीत. पांढरं-काळं अंग असणार की नाही, साधारण किती पांढरं, हे जनुकं ठरवतात. नेमका कोणता ठिपका डाव्या फऱ्यावर आणि कोणता मांडीवर, हे त्या प्रवासातल्या योगायोगावर जातं. होल्स्टिनच्या क्लोनमध्ये हे उघड दिसतं. एकाच गाईचे क्लोन शेजारी उभे केले तरी ठिपके जुळत नाहीत.

मांजरीचं उदाहरण तर अजून बोलकं. २२ डिसेंबर २००१ ला टेक्सासमध्ये जगातली पहिली क्लोन मांजर जन्मली, तिचं नाव सीसी. जिची पेशी घेतली ती तिरंगी, नारिंगी डागांची. सीसीच्या अंगावर नारिंगी नावालाही नाही! कारण मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक कायमचं बंद होतं. नारिंगीचं जनुक एका एक्सवर असतं. ज्या पेशीपासून सीसी झाली तिच्यात तो एक्स बंद होता, आणि क्लोन करताना ते कुलूप निघालं नाही.

ओळख पटवायची तर डीएनए चाचणी करायची, ठिपक्यांवर जायचं नाही.

मांजरा_काठ
"कुलूप निघालं नाही" हे लक्षात राहील. आता प्रत्यक्ष क्लोन कसा करतात ते कोणी लिहील का?

दुधना
मूळ पद्धत लिहितो, आपल्याकडची सोपी पद्धत लेंडी लिहितील.

१. देणाऱ्या जनावराच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या. नंतर त्यांना उपाशी ठेवायचं : माध्यमातलं सीरम (रक्तातला द्रव, पेशींचं खाद्य) १० टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर, काही दिवस. डॉली या क्लोन मेंढीच्या वेळी पाच दिवस ठेवलं होतं. याने पेशी विभाजन थांबवून शांत बसतात. ही पायरी गाळली तर आधीच डीएनए दुप्पट केलेली पेशी आत जाते आणि गुणसूत्रांचा हिशेब चुकतो.

२. पक्व अंडपेशी घ्यायची. ती विभाजनाच्या मधल्या टप्प्यावर थांबलेली असते. गुणसूत्रं बाजूला पडलेल्या छोट्या ध्रुवपिंडाच्या जवळ असतात, पण दरवेळी अगदी खाली नसतात. म्हणून होक्स्ट रंग देऊन अतिनील प्रकाशात क्षणभर बघतात आणि बारीक काचनळीने ओढून काढतात. आधी सायटोकॅलासिन-बी, नाहीतर पेशी फाटते. प्रकाश जास्त वेळ पडला तर अंडपेशी खराब.

३. कातडीची पेशी कवचाखाली चिकटवून विजेचा छोटा झटका. दोन्ही पेशींची पटलं एकमेकांत मिसळतात.

४. शुक्राणू येणार नाही, म्हणून "फलन झालं" असा खोटा इशारा द्यायचा : कॅल्शियम आयोनोफोर पाच मिनिटं, मग ६-डीएमएपी सुमारे चार तास.

आता डॉलीचे आकडे बघा. रोझलिन संस्थेत विल्मुट आणि कॅम्पबेल यांच्या गटाने २७७ पेशी जोडल्या. त्यातले २९ गर्भ पुढच्या टप्प्यावर गेले, १३ मेंढ्यांत ठेवले, एक कोकरू ५ जुलै १९९६ ला जन्मलं. बाकीचे २७६ कुठे गेले, हा खरा अभ्यासाचा विषय.

आणि त्या आधीचं विसरू नये. गर्डन यांनी बेडकाच्या आतड्याच्या पेशीचं केंद्रक वापरून बेडूक वाढवता येतो हे १९६२ मध्ये दाखवलं होतं. ठरलेली पेशी जनुकं हरवत नाही, फक्त दारं लावून घेते, हा त्याचा अर्थ. नोबेल मिळालं २०१२ मध्ये, यामानाका यांच्यासोबत. यामानाकांनी चार प्रथिनांनी (ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४, सी-मिक) तीच दारं अंडपेशीशिवाय उघडून दाखवली होती.

लेंडी
कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने हाताने क्लोनिंग करण्याची पद्धत म्हशीसाठी बसवली. महागडं सूक्ष्म-हस्तक यंत्र लागत नाही, चांगला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि बारीक पातं पुरतं.

म्हशीची अंडाशयं कत्तलखान्यातून कोमट सलाईनमध्ये आणतात. अंडपेशी ३८.५ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे २४ तास पिकवतात. मग प्रोनेज विकराने (मिलिलिटरला साधारण २ मिलिग्रॅम) कवच विरघळवतात. डेमेकॉल्सिन दिलं की गुणसूत्रांच्या जागी अंडपेशीला छोटा उंचवटा येतो. तो उंचवटा पात्याने कापून टाकायचा. यात थोडा पेशीरसही जातो, म्हणून एका कातडीच्या पेशीला दोन बिनकेंद्रकाचे तुकडे दोन्ही बाजूंनी चिकटवतात. चिकटवायला फायटोहिमॅग्लुटिनिन. नंतर विजेचा झटका, सक्रिय करणं, सात-आठ दिवस वाढवणं.

चुका कुठे होतात? प्रोनेज अर्धा मिनिटही जास्त झाला की पेशी पसरट होऊन फुटतात. आणि कवच नसल्यामुळे गर्भ एकमेकांना चिकटतात, म्हणून प्रत्येकाला ताटलीच्या तळाशी स्वतंत्र छोटा खळगा लागतो.

कर्नालची पहिली पारडी फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मली आणि काही दिवसांतच गेली. ६ जून २००९ ला गरिमा जन्मली. गरिमा-२ ला जानेवारी २०१३ मध्ये नेहमीच्या पद्धतीने पारडी झाली, तिचं नाव महिमा. म्हणजे क्लोन जनावर वांझ नसतं.

गाईचं गणित मात्र वेगळं. राज्यात २०१५ पासून बैल-वळूंसह गोवंश कत्तलीला बंदी आहे, तेव्हा अंडाशय मिळणार नाही. जिवंत गाईतून सोनोग्राफी बघत सुईने अंडपेशी काढाव्या लागतात. मार्च २०२३ मध्ये कर्नालला जन्मलेली गीर वासरी गंगा अशीच झाली : अंडपेशी साहिवालची, कातडीची पेशी गीरची, आणि गर्भ वाढवला संकरित गाईने.

बिंदुसरा
म्हणजे गंगात साहिवालचं काहीच नाही?

लेंडी
आहे की. मायटोकाँड्रियाची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांची) ३७ जनुकं अंडपेशीबरोबर येतात. डॉलीचेही मायटोकाँड्रिया अंडपेशी देणाऱ्या मेंढीचेच निघाले होते. केंद्रकातली हजारो जनुकं गीरची. म्हणून "शंभर टक्के कॉपी" हा शब्द मी वापरत नाही.

मन्याड
२७६ कुठे गेले याचं उत्तर गाय-म्हशीच्या अंगाने देतो.

शुक्राणूचं केंद्रक अंडपेशीसाठी तयार होऊन आलेलं असतं. कातडीच्या केंद्रकाच्या दारांना मात्र कुलपं : डीएनएवर मिथाइलच्या खुणा, डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर वेगळ्या. गर्भाची स्वतःची जनुकं चालू व्हायच्या आत ही कुलपं निघायला हवीत. काही राहिलीच, तर ८-१६ पेशींपाशी गाडी थांबते. इथेच बरेच गर्भ जातात.

त्यातून वाचलेल्यांत मोठा घोळ वारेचा. गाईच्या वारेत साधारण ७० ते १२० गाठी असतात. क्लोन गर्भात त्या कमी आणि अवाढव्य होतात, सुजतात, पाणी साठतं. आईचं पोट झपाट्याने गोल होतं. मग गर्भपात, किंवा फार मोठं वासरू आणि अडलेली वेत. फुप्फुसं नीट न उघडल्याने पहिल्या आठवड्यात मरतुक.

का? काही जनुकं फक्त बापाकडून आलेली चालतात, काही फक्त आईकडून. आयजीएफ-२ वाढ ढकलतं, ते बापाकडचं. त्याला आवर घालणारं आयजीएफ-२-आर आईकडचं. आवर घालणाऱ्यावरच्या खुणा पुसल्या गेल्या की वाढ सुटते. मेंढ्यांत हे फक्त क्लोनच नाही, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या साध्या गर्भातही दिसलं. माध्यमात सीरम असणं हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून टेस्ट ट्यूब वासराचं काम करणाऱ्यांनीही सीरमविना माध्यम वापरावं, हा माझा आग्रह.

कुलपं मुद्दाम काढायचे उपाय निघालेत. २०१८ मध्ये चीनने जाहीर केलेल्या दोन माकडांच्या वेळी हिस्टोनवरची खूण पुसणारं विकर आणि ट्रायकोस्टॅटिन-ए दिलं होतं. तरीही ७९ गर्भ, २१ माद्या आणि जगलेली पिल्लं दोन. पेशीही गर्भाच्या होत्या, प्रौढ जनावराच्या नाहीत.

सिंदफणा
विषयाला धरूनच विचारतो. शेळीत भुंडा (बिनशिंगाचा) बोकड भुंड्या शेळीवर सोडू नये म्हणतात, पिल्लं ना धड शेळी ना धड बोकड निघतात. हे खरं आहे की नुसती समजूत?

कयाधू
खरं आहे, आणि दुधना सरांच्या "दारा"चं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

भुंड्या शेळीच्या पहिल्या गुणसूत्रावर सुमारे ११,७०० अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात शिंगाचं किंवा लिंगाचं प्रथिन बनवणारं जनुक नाही. तिथे लांबच्या जनुकांची दारं आहेत. त्यातलं एक जनुक फॉक्स-एल-२, अंडाशयाला अंडाशय ठेवणारं. तुकडा एकाच बाजूने गळाला तर फक्त शिंगं येत नाहीत. आई-बाप दोघांकडून गळालेला आला तर मादी गर्भात फॉक्स-एल-२ चालूच होत नाही आणि अंडाशयाच्या जागी वृषणासारखा भाग घडतो. जनुक शाबूत, पाणी सोडणारं दार नाही!

हे सानेन, अल्पाइन अशा जातींत नीट तपासलं गेलंय. कळपाचा नियम सोपा : जोडीतलं एक तरी शिंगाचं ठेवायचं. उस्मानाबादीतही हाच नियम पाळावा, त्यात काही तोटा नाही. आणि बाहेरून भुंडा बोकड आणत असाल तर शिंगाच्या शेळ्यांवरच वापरा.

मांजरा_काठ
मग देवणी, लाल कंधारीसाठी आज काय करावं? क्लोन नको, असंच म्हणायचं का?

मन्याड
माझं मत स्पष्ट आहे. जात टिकवायची तर क्लोनचा उपयोग फार थोडा. एका वळूचे दहा क्लोन म्हणजे दहा वेळा तोच वळू. रक्त पुढच्या पिढीत अजून जवळ येतं. त्यापेक्षा वेगवेगळ्या वंशावळीच्या वळूंचं वीर्य गोठवून ठेवणं, आणि चांगल्या गाईंच्या अंडपेशी काढून टेस्ट ट्यूब गर्भ करणं यात जास्त फळ आहे. एखादा सिद्ध वळू वीर्य न साठवता गेला, तेवढ्यापुरता क्लोन कामाचा.

कयाधू
मन्याड सरांशी सहमत, फक्त एक भर. क्लोन आज करा न करा, कातडीचा नमुना साठवायला हरकत नाही. पशुवैद्यकाकडूनच घ्यावा. कानाच्या कडेचा केस भादरलेला भाग, आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचा. बधिर करून नखाएवढा तुकडा. प्रतिजैविक घातलेल्या निर्जंतुक सलाईनमध्ये, बर्फाच्या डब्यात ४ अंशांवर, शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत. तिथे १ मिलिमीटरचे कण करून ताटलीत चिकटवतात. पाच ते दहा दिवसांत कडेने लांबट पेशी सरकत बाहेर येताना दिसतात. ताटली भरली की १० टक्के डीएमएसओ (पेशीत बर्फाचे खडे होऊ न देणारा द्राव) घालून मिनिटाला एक अंश या गतीने गोठवतात आणि शेवटी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर.

नमुना वाया जातो तो तीन कारणांनी. स्पिरिट ओलं असतानाच कापलं. केस आत गेले आणि ताटलीत बुरशी धरली. आणि सगळ्यात जास्त वेळा : कोणीतरी जपून ठेवायचं म्हणून तुकडा घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात टाकला. सावकाश गोठताना पेशीत बर्फाचे खडे होतात आणि पटलं फाटतात.

सिंदफणा
आणि जनावर रात्री मेलं, सकाळीच कळलं तर?

कयाधू
तरी घ्यावा. कातडीच्या पेशी जनावराच्या मागे काही काळ जिवंत राहतात. उन्हाळ्यात मात्र घाई करा, ऊन चढायच्या आत अख्खा कान कापून, धुऊन, पुसून स्वच्छ पिशवीत घाला आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाला चिकटू देऊ नका. पिशवीवर तारीख, वेळ आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर लिहा. बिल्ला त्याच कानात असेल तर तो काढू नका, तसाच पाठवा.